भाऊसाहेबांची हजेरी

राग निवला की लिहीन, असं म्हणत मी दोन महिने थांबले. तो निवत नाही. माझा नवरा शैलेंद्र म्हणतो, "शांतपणे लिही माधवी, म्हणजे लोकांना पटतं." त्याचं काय जातंय म्हणायला? तो सहाच्या ट्रेननं टोरोंटोला जातो. सकाळी आठ वाजता आमच्या कोपऱ्यावर काय चालायचं, ते त्यानं फक्त फोटोत बघितलंय.

तर भाऊसाहेब. यवतमाळला जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. बायको वारली तेव्हा त्यांचा एकुलता एक मुलगा परीक्षित त्यांना इकडे कॅनडात, मिल्टनला घेऊन आला. परीक्षित आणि अस्मिता आमच्या समोरच्या घरात राहतात. दोघं नोकरी करतात, आणि त्यांची अवंतिका तेव्हा पहिलीत होती. भाऊसाहेब एकाहत्तर वर्षांचे, हृदयात एक स्टेंट, डोक्यावर माकडटोपी, आणि बोलायला कोणी नाही. मी नागपूरची आहे हे कळल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "बेटा, इथं माणसं राहतात का नुसत्या गाड्याच? गॅरेजातून निघतात अन् गॅरेजातच घुसतात. पायी चालणारा दिसला तर तो कुत्र्याच्या मागं दिसते."

खोटं नव्हतं ते. शाळा आमच्यापासून सव्वा किलोमीटरवर. एवढ्या अंतराला स्कूल बस मिळत नाही, कारण नियमानं मुलांनी चालत जायचं. आणि चालत कोणीच जात नाही, कारण आईबापांना आठला कामाला बसायचं असतं आणि एकट्या पोराला सोडायची कुणाची छाती होत नाही. मग सगळे गाड्या काढतात. पाच मिनिटांच्या रस्त्याला पंचवीस मिनिटं, शाळेच्या दारात हॉर्न, काचेआडून शिव्या, आणि हिवाळ्यात तर विचारूच नका. माझी अबोली लहान होती तेव्हा मीही तेच केलंय. भाऊसाहेबांनी हा तमाशा चार दिवस बघितला आणि पाचव्या दिवशी अवंतिकाचं बोट धरून चालत निघाले.

आठवड्याभरात शेजारच्या सरदारजींचा नातू सोबत जायला लागला. मग त्याची बहीण. मग कोपऱ्यावरच्या फिलिपिनो नर्सची दोन मुलं. तिची रात्रपाळी सकाळी सातला सुटायची आणि ती बिचारी पेंगत पेंगत मुलांना गाडीनं सोडायची. बघता बघता अकरा मुलं झाली. मागं चालायला दुसरं मोठं माणूस हवं म्हणून भाऊसाहेबांनी आन्नाबाईंना गाठलं. आन्नाबाई मूळच्या वसईच्या, पंधरा वर्षं इथे मुलाकडे, थॉमसकडे आहेत, इथलं नागरिकत्वही त्यांना आहे. गुडघे दुखतात म्हणून दिवसभर बसून असायच्या. भाऊसाहेब त्यांना म्हणाले, "बाई, गुडघा बसूनही दुखतेच. चालून दुखला तर थोडं पुण्य तरी पदरात पडन." आन्नाबाई म्हणाल्या, "पुण्याचं तुमचं तुम्ही बघा. मला आधी घसरणार नाहीत असे बूट आणून द्या."

माणूस हाडाचा क्लार्क. त्यांनी डॉलर स्टोअरमधून वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि हजेरीपट तयार केला. आठ वाजून पाच मिनिटांनी कोपऱ्यावर उभं राहून ते एकेक नाव पुकारायचे आणि पोरं ओरडायची, "हजर". सरदारजींचा नातू, नर्सची मुलं, एक सोमाली मुलगी, सगळी "हजर". शाळेच्या दारात पुन्हा हजेरी. कोणी आलं नाही तर दुपारी त्याच्या दारात जाऊन का आलं नाही ते विचारायचे. आणि थांबायचे मात्र कुणासाठीच नाहीत. एकदा स्वतःची नात दोन मिनिटं उशिरा आली तर तिलाही मागं सोडून गेले. अस्मिता दोन दिवस सासऱ्यांशी बोलली नाही. संत वगैरे मुळीच नव्हते ते. हट्टी होते, वाटेल तेव्हा मला टोकायचे, माझ्या चहाला पाणचट म्हणायचे.

मी एकदा विचारलं, "भाऊसाहेब, एवढ्या थंडीत हा उपद्व्याप कशाला?" ते म्हणाले, "चौतीस वर्षं शाळेतल्या पोरांच्या नावानं पगार घेतला बेटा. पण एक पोरगं जवळून पाहिलं नाही. सगळी कागदावर. आता जरा खरीखुरी पाहून राहिलो."

पैशांचा विषय कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. कुणी पराठे द्यायचं, कुणी घरासमोरचा बर्फ फावड्यानं काढून द्यायचं. नर्सनं त्यांचं ब्लडप्रेशर बघायचं, तेही हजेरीपटाच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे. असं सव्वा वर्ष चाललं, आणि त्याला काही नाव नव्हतं.

नाव दिलं ते माझ्या लेकीनं.

अबोली तेव्हा युनिव्हर्सिटीत बिझनेसच्या दुसऱ्या वर्षाला. एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, आय ॲम टेकिंग सोशल आंत्रप्रनरशिप." मी विचारलं, हे काय नवीन? तिनं समजावलं. समाजाचा एखादा प्रश्न धरायचा, त्यावर असा उद्योग उभा करायचा की लोकांचंही भलं होईल आणि उद्योगही स्वतःच्या पायावर उभा राहील, देणग्यांसाठी हात पसरायला नको. मला ते फार आवडलं. खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. मी तिचं जाडजूड पुस्तक घरी ठेवून घेतलं आणि वाचलं. त्यात चांगल्या गोष्टी आहेत. शेतमजूर बायांनी काढलेल्या डेअऱ्या आहेत, अंध माणसांनी चालवलेल्या छापखान्याची गोष्ट आहे. उपकार करणारा आणि उपकार घेणारा हा भेदच मिटवायचा, असं एका प्रकरणात चक्क लिहिलंय. ते प्रकरण बहुधा परीक्षेला नव्हतं.

त्यांना अभ्यास असा दिला होता की तुमच्या आसपासचा प्रश्न शोधा आणि त्यावर उद्योगाचं मॉडेल करा. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला अबोली घरी आली, शुक्रवारी सकाळी तिनं वरच्या खिडकीतून ती रांग बघितली आणि धावत खाली आली. "ओ माय गॉड आई, दॅट्स लिटरली अ सोशल एंटरप्राइज. ही जस्ट डझन्ट नो इट!"

त्यांना माहीत नाही म्हणे. तेव्हा मी हसले. आज त्या वाक्यानं माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

ती भाऊसाहेबांची मुलाखत घ्यायला गेली, मीही बसले होते. त्यांना कोण आनंद. त्यांनी तिला खिचडीची गोष्ट सांगितली. शाळेत पोरांना खिचडी शिजवून द्यायचं काम एका गावात बचत गटाच्या बायांना दिलं होतं. वरून आदेश, फाइल झकास, बायांना रोजगार, पोरांना जेवण. वर्षभरात बाया काम सोडून जायला लागल्या. का, ते कुणाला कळेना. भाऊसाहेब स्वतः एसटीनं गावात गेले. एक बाई म्हणाली, साहेब, आम्हाला तुम्ही उद्योजक केलं, पण चूल कुठं मांडायची ते विचारलं का? शाळेला शेडच नव्हती. बाया उन्हात शिजवत होत्या. "म्हणून बेटा," भाऊसाहेब अबोलीला म्हणाले, "योजना करणाऱ्यानं आधी विचारायचं. मग लिहायचं." अबोलीनं ते सगळं फोनवर रेकॉर्ड केलं आणि रिपोर्टात 'अनुभवातून आलेली अंतर्दृष्टी' म्हणून घातलं. विचारलं मात्र काही नाही.

चार जणांची टीम, आणि प्रकल्पाचं नाव 'सिल्व्हर स्टेप्स'. मार्चमध्ये त्यांनी तो कसल्याशा स्पर्धेत मांडला आणि पहिला नंबर आला. मी पण त्यात होते बरं, मी काही धुतल्या तांदळाची नाही. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर फोटो मीच टाकला. बक्षिसाला अट होती, वर्षभरात किती कुटुंबांना सेवा मिळाली आणि किती रोजगार निर्माण झाले ते दाखवायचं. मग ॲप आलं. चमकत्या हिरव्या जॅकेटांवर लोगो आला. आणखी तीन गल्ल्यांतल्या आजीआजोबांना गोळा केलं. पालकांना महिन्याची फी, आणि आजीआजोबांना महिन्याला एकेक ग्रोसरीचं गिफ्ट कार्ड आणि एक सर्टिफिकेट. भाऊसाहेबांच्या सर्टिफिकेटवर लिहिलं होतं, 'कम्युनिटी मोबिलिटी अँबेसेडर'.

फीवरून ते कडाडले. "पोराला शाळेत पोचवायचे पैसे? अन् ती नर्स बाई कुठून देईन?" टीममधला एक मुलगा म्हणाला, तिच्यासाठी सवलतीचा वेगळा वर्ग आहे. भाऊसाहेबांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. नंतर मला म्हणाले, "जाऊ दे. अबोलीचा अभ्यास आहे. मी नाही म्हटलं तर तिचे मार्क जातील." माझ्या लेकीच्या मार्कांसाठी त्यांनी ते हिरवं जॅकेट घातलं. गिफ्ट कार्डाची ते मुलांसाठी संत्री आणायचे. आणि फी न भरणाऱ्या मुलांचीही नावं आपल्या वहीत पुकारायचे. ॲपमध्ये सहा मुलं असायची, रांगेत अकरा.

आता जे झालं ते सांगते. भाऊसाहेब इथे पाहुणे म्हणून आलेले, व्हिजिटर. हृदयात स्टेंट, त्यामुळे लांब मुदतीच्या व्हिसासाठी लागणारा विमा परवडेना. म्हणून परीक्षित दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा अर्ज करायचा. गेल्या ऑक्टोबरात अर्जाची वेळ आली तेव्हा तो कामासाठी एडमंटनला होता. मला फोन करून म्हणाला, "माधवीताई, बाबांचा फॉर्म जरा भरून देता का?" मी म्हटलं, त्यात काय.

आमच्या डायनिंग टेबलावर बसून आम्ही फॉर्म भरला. भाऊसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. फॉर्ममध्ये मागच्या दहा वर्षांतल्या नोकऱ्यांचा तक्ता होता. एका ओळीत 'निवृत्त' लिहिलं. खाली रिकामी ओळ उरली. आणि ज्या माणसानं आयुष्यभर अर्ज तपासले, त्याला रिकामी ओळ बघवेना. "रकाना रिकामा ठेवला की अर्जात त्रुटी काढतात बेटा. हे सर्टिफिकेट आहे. लिहू का?"

मी म्हटलं, "लिहा की. त्यात लपवण्यासारखं काय आहे? उलट इम्प्रेशन चांगलं पडेल."

माझ्या बोटांनी टाइप केलं. पद: कम्युनिटी मोबिलिटी अँबेसेडर. संस्था: सिल्व्हर स्टेप्स. कधीपासून: एप्रिल. आणि सर्टिफिकेट स्कॅन करून सोबत जोडलं, वर गिफ्ट कार्डाचं आभाराचं पत्रही जोडलं. व्हिजिटरनं इथे काम करायचं नसतं हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. एकवीस वर्षं झाली मला या देशात. पण हे 'काम' आहे असं माझ्या मनातच आलं नाही. लेकीचं बक्षीस माझ्या डोळ्यांवर असं चढलं होतं की माझी अक्कल गहाण पडली.

जानेवारीत उत्तर आलं. मुदतवाढ नामंजूर. परवानगीशिवाय काम केल्याचं अर्जदारानं स्वतःच कळवलंय.

परीक्षित वाचत होता आणि भाऊसाहेब शेजारी उभे होते. ते एवढंच म्हणाले, "अर्ज पूर्ण भरला होता ना?" मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

व्हिसाचं काम बघणाऱ्या कन्सल्टंटनं सांगितलं की नव्वद दिवस आहेत. तेवढ्यात नव्यानं अर्ज करता येईल, पण हे काम नव्हतंच असं युनिव्हर्सिटीकडून लेखी हवं. त्या लेखीशिवाय आशा धरू नका. आणि पुन्हा नकार आला तर पुढे व्हिसा मिळणंही अवघड. तिकडे यवतमाळचं घर बंद पडलेलं, बायको नाही, इकडे नात. ते राहतात की जातात, सगळं त्या एका कागदावर आलं. बातमी फुटली तशी बाकीच्या घरांनी आपापले आजीआजोबा घरात घेतले. कुणाचं चुकलं म्हणू?

अबोलीला घेऊन मी थेट तिच्या प्रोफेसरबाईंना भेटायला गेले. मनात होतं की चांगली खडसावीन. पण बाई इतक्या मायाळू की माझी पंचाईत झाली. आम्हाला बसवलं, कॉफी विचारली, डोळ्यांत पाणी आणलं. मग म्हणाल्या, विद्यार्थ्यांसाठी हा शिकण्याचा फार समृद्ध क्षण आहे.

मी म्हटलं, "शिकायचं तुम्ही आणि फी भरायची भाऊसाहेबांनी, असं का?"

त्यांनी मान हलवली, वहीत काहीतरी टिपलं. माझं बोलणं टिपून घेतलं हो! मग म्हणाल्या, काळजी करू नका, मी पत्र देते. आमच्या मांडणीत ते कामगार नव्हतेच, ते या प्रकल्पाचे लाभार्थी होते.

मी फोनवर त्यांचीच वेबसाइट उघडून दाखवली. त्यावर भाऊसाहेबांचा हिरव्या जॅकेटातला फोटो आणि खाली ठळक अक्षरात, निर्माण झालेले रोजगार: नऊ. बाई म्हणाल्या की तो आकडा निधी देणाऱ्यांसाठी आहे, तिथे व्याख्या वेगळी असते.

आता तुम्हीच सांगा. बक्षीस घेताना हा माणूस कामगार, आणि निस्तरताना लाभार्थी. म्हणजे माणूस एकच, ज्याला जसा हवा तसा त्यानं लिहून घ्यायचा. अबोली माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती. बाहेर आल्यावर ती रडली. मी तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, पण नाही घेतलं.

पत्र दोन दिवसांत आलं, युनिव्हर्सिटीच्या शिक्क्यानिशी. आम्ही सगळे परीक्षितच्या टेबलाभोवती बसलो. रीडिंग वीकची, म्हणजे अभ्यासासाठीची आठवडाभराची सुट्टी लागणार होती म्हणून अबोलीही घरी आली होती. भाऊसाहेबांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की सदर गृहस्थ एकाकी होते, त्यांचा एकाकीपणा कमी व्हावा म्हणून प्रकल्पानं त्यांना मुलांसोबत चालण्याची सेवा पुरवली, आणि त्यांनी स्वतः कुणालाही कुठलीच सेवा दिलेली नाही.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे पोरांनी मला शाळेत पोचवलं?"

परीक्षितनं पेन पुढे केलं. पत्राखाली त्यांनी 'वरील मजकूर मान्य' म्हणून सही करायची होती, एवढंच.

अबोली म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट वर्डिंग. प्लीज साइन इट."

ते तिच्यावर चिडले नाहीत. म्हणाले, "मी चौतीस वर्षं लाभार्थ्यांच्या याद्या केल्या बेटा. हजारो नावं. एकदा माणूस त्या यादीत गेला की त्यानं काय दिलं, हे कोणी विचारत नाही. त्याला काय मिळालं तेवढंच मोजतात. मीही तेच केलं. आता माझं नाव तिथं घालू नका."

मग त्यांनी पेन घेतलं. मला वाटलं, करतायत सही. त्यांनी पत्राच्या समासात, ऑफिसात मारतात तसा शेरा मारला: 'मजकूर वस्तुस्थितीस धरून नाही. सबब परत.' खाली तारीख आणि सही.

माझा तोल सुटला. परक्याच्या घरात बसून मी त्यांच्यावर ओरडले. "भाऊसाहेब, तुमच्या त्या वस्तुस्थितीचं लोणचं घालायचंय का? नातीजवळ राहायचंय ना तुम्हाला? मग ठोका की सही! जगात कोण खरं लिहून बसलंय?"

"राहायचं आहे," ते म्हणाले. "लय राहायचं आहे. तिकडं संध्याकाळी कुलूप उघडलं की घर अंगावर येते." त्यांनी चष्मा खिशात ठेवला. "पण उद्या अवंतिका विचारन, आबा इथं काय करत होते. तर काहीच नाही, तसा कागद आहे. अन् त्याच्यावर माझीच सही."

परीक्षित उठून बेसमेंटमध्ये गेला. तो खाली रडत होता ते वर ऐकू येत होतं. अस्मितानं तेवढ्यात नळ सोडला. त्याच शनिवारी सोमवारचं तिकीट काढलं.

प्रकल्पाचा निकाल सांगायचा राहिला. अबोलीला ए ग्रेड मिळाली. आणि गेल्या आठवड्यात प्रोफेसरबाईंची ईमेल आली आहे की पुढच्या वर्षी ही घटना त्यांना वर्गात शिकवायची आहे, नाव बदलून, 'मिस्टर बी' म्हणून, शेवटी चर्चेसाठी चार प्रश्न. अबोलीची परवानगी मागितली आहे. भाऊसाहेबांची नाही. अबोलीनं अजून उत्तर दिलेलं नाही. देऊ नकोस असं मी म्हटलेलं नाही. बघते काय करते ती.

पण मला त्यांची शेवटची सकाळ सांगायची आहे. सोमवार होता, उणे एकोणीस, रात्रीचं विमान. मी आदल्या दिवशीच बजावलं होतं, आता कोपऱ्यावर उभे राहू नका, उगाच कुणी बघेल. पण आठला बघते तर गृहस्थ हजर, अंगात आपलं जुनं तपकिरी जॅकेट, शेजारी आन्नाबाई. अकराच्या अकरा मुलं आली होती. मी आणि अबोली त्यांच्या मागून शाळेपर्यंत गेलो. त्यांनी दारात हजेरी घेतली. मुलांना त्यांनी आपण जातोय हे सांगितलंच नाही. फक्त म्हणाले, "कल से अबोली दीदी आएगी." त्यांनी अबोलीला विचारलं नव्हतं. त्यांनी वही तिच्या हातात दिली आणि तिनं ती घेतली.

अबोली गेली का? गेली. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, चारही दिवस, नाक लाल करून गेली. त्या चार दिवसांत ती जे शिकली ते त्या पुस्तकात कुठे नसेल. मग रीडिंग वीक संपला, मिडटर्म होत्या, रविवारी ती बसनं परत गेली. वही आमच्या डायनिंग टेबलावर राहिली.

सोमवारी आठ वाजता मी खिडकीतून बघत होते. कोपऱ्यावर मुलं जमली होती आणि आन्नाबाई एकट्याच. रात्री बर्फावर पाऊस पडून सगळं काचेसारखं निसरडं झालेलं. थॉमस गाडी घेऊन आला आणि आईला आत बसवून घेऊन गेला. अकरा मुलं आणि एक म्हातारी, त्याचंही बरोबरच होतं. मुलं थोडी थांबली. मग एकेक करून घराकडे वळली, गाडी काढा म्हणून सांगायला. सगळ्यांत शेवटी अवंतिका. ती आमच्या घराकडे बघत होती.

माझ्यासमोर लॅपटॉप उघडा होता. मी घरूनच सॉफ्टवेअरचं काम करते, आठची मीटिंग सुरू झाली होती. त्या मीटिंगमध्ये प्रत्येकानं काल काय केलं, आज काय करणार आणि काही अडचण आहे का, एवढंच सांगायचं असतं. माझं नाव घेतलं गेलं. मी कॅमेरा बंद केला आणि सांगितलं, तीन बग बंद केले, आज आणखी दोन करीन, अडचण काही नाही.